प्रायश्चित्ताचा दिवस आणि ज्युबिलीचें शिंग

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत बोलावयास उभ्या राहिलेल्या मनुष्याकडून श्रोत्यांची अपेक्षा काय असते, हें आम्ही जाणून आहों. पन्नास वर्षांतील कार्याची नोंद व्हावी, दिवंगत धर्मगुरूंचें स्मरण व्हावें, मंदिराच्या पायापासून घंटेपर्यंतची हकीगत सांगितली जावी, ही ती अपेक्षा. तें काम ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर आमच्याहून समर्थ हातांनीं झालें आहे. आम्हांस महोत्सव समितीनें निराळा विषय दिला. तो विषय म्हणजे प्राचीन यहूदी लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस. आनंदाच्या मांडवांत उपवासाची कथा कित्येकांस विसंगत वाटेल. प्रथम आम्हांसही तसेंच वाटलें. परंतु पवित्र शास्त्र उघडून पाहिलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, ज्या महोत्सवासाठीं आपण येथें जमलों आहों, त्याचा जन्मच त्या उपवासाच्या दिवशीं झाला आहे.

लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे कीं, सात वर्षांचीं सात सप्तकें मोजावीं, म्हणजे ४९ वर्षें होतील. आणि मग सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, देशभर शिंग फुंकून पन्नासावें वर्ष पवित्र म्हणून जाहीर करावें. त्या वर्षीं विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराण्यास परत मिळावयाची; दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या घरीं राबणारा इस्राएली मनुष्य आपल्या मुलांबाळांसह मोकळा होऊन घरीं जावयाचा; पेरणी बंद ठेवून जमिनीलाही विसावा द्यावयाचा. मेंढ्याच्या शिंगास हिब्रू भाषेंत 'योबेल' असा शब्द आहे. त्याच शब्दापासून लॅटिन भाषेच्या मार्गें 'ज्युबिली' हा शब्द आपणांपर्यंत आला.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबून विचार करा. ज्युबिलीचें तें शिंग कापणीच्या सणांत फुंकावयाचें नव्हतें. वल्हांडणाच्या रात्रींही फुंकावयाचें नव्हतें. ज्या दिवशीं सर्व लोक उपाशी राहून आपलें पाप कबूल करीत, त्याच दिवशीं तें फुंकावयाचें होतें. आधीं प्रायश्चित्त, मग ज्युबिली. हा क्रम आम्हीं लावलेला नाहीं, देवानें लावलेला आहे. म्हणून पन्नासाव्या वर्षाचा उत्सव करणाऱ्या धर्मग्रामानें त्या दिवसाची ओळख करून घेणें हें केवळ विद्वत्तेचें काम नव्हे. तें आपलें घरचें काम आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'प्रायश्चित्त' हा शब्द आपल्या भाषेंत फार जुना आहे. पातक्यानें आपल्या पातकाबद्दल स्वतः आचरावयाचें व्रत, द्यावयाचें दान किंवा भोगावयाचा दंड, असा त्याचा रूढ अर्थ आहे. हिब्रू भाषेंत ह्या दिवसास 'योम किप्पुर' म्हणतात. 'किप्पुर' ह्या शब्दाच्या मुळाशीं झांकणें, पुसून काढणें, मळ धुऊन शुद्ध करणें असे अर्थ आहेत. आपल्या शब्दांत भार मनुष्यावर पडतो. त्या शब्दांत मळ जाण्यावर दृष्टि आहे. आणि हा मळ कोणाच्या सामर्थ्यानें जातो? लेवीय ग्रंथाच्या १७ व्या अध्यायांत परमेश्वर स्पष्ट सांगतो कीं, प्राण्याचा जीव रक्तांत आहे, आणि तें रक्त वेदीवर तुमच्या प्रायश्चित्तासाठीं मीच तुम्हांस दिलें आहे. हें 'मीच दिलें आहे' फार महत्त्वाचें आहे. आपल्या आसपास नवस बोलण्याची व फेडण्याची रीत आहे, आणि आपल्यांतही ती अगदींच नाहीं असें म्हणवत नाहीं. नवसांत मनुष्य देवाशीं सौदा करतो: तूं हें दे, मी तें देईन. प्रायश्चित्ताच्या दिवशीं सौदा नव्हता. रागावलेल्या देवास लांच देऊन शांत करण्याचा तो विधि नव्हता. ज्याचा अपराध झाला, त्यानेंच अपराध्यास परत येण्याची वाट करून दिली होती.

आतां त्या दिवसाचें स्वरूप पाहूं. रानांत मोशेच्या काळीं हा विधि निवासमंडपांत होई. पुढें तो यरुशलेम येथील मंदिरांत होऊं लागला. त्याचें मूळ वर्णन लेवीय ग्रंथाच्या १६ व्या अध्यायांत आहे. दुसऱ्या मंदिराच्या काळीं तो कसा चाले, ह्याची बारीकसारीक माहिती इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या यहूदी ग्रंथाच्या 'योमा' नामक प्रकरणांत जतन झाली आहे.

सात दिवस आधीं महायाजक आपलें घर सोडून मंदिरांतील एका खोलींत राहावयास येई. त्यास ऐन वेळीं कांहीं अशुद्धि घडल्यास विधि अडूं नये, म्हणून दुसरा एक याजक सज्ज ठेवीत. वडील मंडळी त्याच्यापुढें त्या दिवसाचा विधि वाचून दाखवीत. तो विसरला असेल, किंवा मुळांतच शिकला नसेल, असें धरून ते चालत. पदवी मोठी म्हणून ज्ञान असेलच, असा भरंवसा त्यांनीं ठेवला नव्हता. आदल्या रात्रीं त्यास झोपूं देत नसत. ईयोबाचा ग्रंथ, एज्राचा ग्रंथ, इतिहासाचे ग्रंथ त्याच्यापुढें वाचले जात. त्यास पेंग येऊं लागली म्हणजे तरुण याजक चुटक्या वाजवून त्यास जागें करीत, आणि फरशीवर उभें राहून झोंप घालवावयास सांगत.

उजाडल्यावर कामास आरंभ होई. त्या एका दिवसांत महायाजक पांच वेळां स्नान करी आणि दहा वेळां हातपाय धुई. इतर वेळीं त्याच्या अंगावर सोन्याची जर, उरावर बारा रत्नांचें ऊरपट, आणि झग्याच्या घेरास सोन्याचीं घुंगरें असत. परंतु आंत जाण्याच्या वेळीं तें सर्व उतरवून ठेवून तो तागाचीं साधीं पांढरीं वस्त्रें घाली. देवासमोर जावयाच्या वेळीं सोनें बाहेर राही.

मग तो एका गोऱ्ह्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रथम आपल्या स्वतःच्या व आपल्या घराण्याच्या पापांचा उच्चार करी. लोकांच्या पापांची पाळी नंतर येई. पुढें निखाऱ्यांनीं भरलेलें धुपाटणें व ओंजळभर बारीक धूप घेऊन तो एकटाच पडद्याच्या आंत परमपवित्र स्थानीं जाई. वर्षांतून ह्या एका दिवसाखेरीज तेथें कोणाही मनुष्यास प्रवेश नव्हता. पहिल्या मंदिराच्या काळीं तेथें कराराचा कोश होता, आणि त्या कोशावर सोन्याचें दयासन होतें. दुसऱ्या मंदिराच्या काळीं तो कोश उरला नव्हता. तीन बोटें उंचीचा एक दगड मात्र तेथें होता, आणि त्यावर महायाजक धुपाटणें ठेवी. धुराच्या ढगानें तें स्थान भरून जाई, कारण देवाचें तेज उघड्या दृष्टीनें पाहणारा मनुष्य जगणार नाहीं, असें शास्त्र होतें. बाहेर लोक श्वास रोधून वाट पाहत. म्हणून महायाजक बाहेरच्या दालनांत येऊन एक छोटीशी प्रार्थना करी. ती तो लांबवीत नसे, कारण उशीर झाला तर आंत त्याचें बरेंवाईट झालें असें वाटून लोक घाबरतील. आपल्या लोकांच्या जिवाची घालमेल ओळखून प्रार्थना आखडती घेणारा तो याजक आम्हांस फार आवडतो.

त्यानंतर गोऱ्ह्याचें रक्त घेऊन तो पुन्हां आंत जाई. तें एकदां वर आणि सात वेळां खालीं, मोजून शिंपडी. मग लोकांसाठीं अर्पिलेल्या बकऱ्याचें रक्त घेऊन तिसऱ्यानें जाई आणि तसेंच करी. लोकांच्या पापाचा मळ मंदिरासही लागतो, देवाचें वसतिस्थान त्यानें विटाळतें, म्हणून मंदिराचीही शुद्धि करावयाची असे. हा विचार आज आपण विसरलों आहों. आपलें पाप आपल्या घरापुरतें आहे असें आपण मानतों. इस्राएली मनुष्य जाणून होता कीं, शेतांत केलेली लबाडी वेदीपर्यंत पोहोंचते.

आतां दोन बकऱ्यांविषयीं. लोकांच्या वतीनें दोन बकरे आणीत. मिश्ना म्हणते कीं, ते रूपानें, उंचीनें व किंमतीनें सारखे असावे आणि एकाच वेळीं विकत घेतलेले असावे. महायाजक त्यांवर चिठ्ठ्या टाकी. एक चिठ्ठी परमेश्वरासाठीं, दुसरी अजाजेलासाठीं. पहिल्या बकऱ्याचा वध होऊन त्याचें रक्त आंत जाई. दुसरा जिवंत ठेवीत, आणि त्याच्या मस्तकास तांबडा लोकरीचा धागा बांधीत. महायाजक आपले दोन्ही हात त्याच्या मस्तकावर ठेवून सर्व लोकांच्या अधर्माचा, अपराधांचा व पापांचा उच्चार करी, आणि मग नेमलेला एक मनुष्य त्यास रानांत घेऊन जाई. 'अजाजेल' ह्या नांवाचा अर्थ विद्वान निरनिराळा करतात. विधीचा अर्थ मात्र लहान मुलासही कळावा असा आहे. पहिला बकरा सांगे कीं, पापाची किंमत जीव ही आहे. दुसरा सांगे कीं, क्षमा झालेलें पाप दूर जातें, दृष्टीआड होतें, पुन्हां दारीं येत नाहीं.

आपण मराठींत एखाद्यास 'बळीचा बकरा' केला असें म्हणतों. गांवांत कांहीं बिघडलें कीं एक दुबळा मनुष्य शोधावा आणि सर्वांचा दोष त्याच्या माथीं मारावा. सुनेच्या माथीं, पोरक्या पुतण्याच्या माथीं, मजुराच्या माथीं. ह्या रीतीस यहूदी विधीचें नांव देणें हा त्या विधीवर अन्याय आहे. आपण दोष दुसऱ्यावर ढकलतों तो आपला दोष कबूल करावा लागूं नये म्हणून. तेथें हात ठेवणारा मनुष्य प्रथम स्वतःचें पाप उच्चारी, मग आपल्या घराण्याचें, आणि शेवटीं लोकांचें. बकऱ्याचें पाप असें कोणी म्हणत नसे. आमचें पाप, असेंच म्हणत.

सायंकाळीं महायाजक सुखरूप बाहेर आला म्हणजे लोक त्यास घरापर्यंत पोहोंचवीत, आणि तो आपल्या मित्रांस मेजवानी देई. परंतु पुढील वर्षीं पुन्हां तोच दिवस येई: पुन्हां तीं स्नानें, तेंच रक्त, तोच बंद पडदा.

इसवी सन ७० मध्यें रोमी सेनापति तीत ह्याच्या सैन्यानें मंदिर जाळलें, आणि तेव्हांपासून तो बलिविधि बंद पडला. दिवस मात्र बंद पडला नाहीं. जगभरचे यहूदी लोक आजही त्या दिवशीं एका सायंकाळापासून दुसऱ्या दिवशीं रात्र पडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य करतात, सभास्थानांत प्रार्थना करतात, आणि दुपारच्या उपासनेंत योनाचा ग्रंथ वाचतात. त्यांच्या पापनिवेदनाचा एक विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे: तें बहुवचनांत आहे. ज्यानें चोरी केली नाहीं तोही 'आम्हीं चोरी केली' असें म्हणतो, कारण त्या दिवशीं तो एकटा देवासमोर उभा नसतो.

हा दिवस आपल्या कोंकणासही परका नाहीं. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें, अशी ज्यांची परंपरा आहे, ते बेने इस्राएल लोक शतकानुशतकें मराठी बोलत आणि तेल गाळीत आपल्यामध्यें राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. ह्या दिवसास त्यांच्या मराठींत 'दारफळणीचा सण', म्हणजे दारें लावून घेण्याचा सण, असें नांव होतें. पांढरीं वस्त्रें नेसून, दारें लावून, बाहेरच्या कोणाशीं न बोलतां ते दिवसभर उपवास करीत. मुंबईत त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं सॅम्युएल दिवेकर ह्यांनीं बांधलें. त्याच्या हिब्रू नांवाचा अर्थ 'दयेचें द्वार' असा आहे. लावून घेतलेलें दार आणि दयेचें द्वार, ह्या दोन नांवांत त्या दिवसाचा सर्व अर्थ आला आहे. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांच्यापैकीं बहुतेक जण तिकडे गेले. जे थोडे मागें राहिले, ते आजही हा दिवस पाळतात.

हें सांगतांना एक कबुली आपणांसही दिली पाहिजे. ज्या लोकांपासून आपणांस हें शास्त्र मिळालें, ज्यांच्या कुळांत प्रभु येशू, पवित्र मरिया व सर्व प्रेषित जन्मले, त्यांस ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं शतकानुशतकें जगाचा बळीचा बकरा केलें. प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर सरसकट लादतां येत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें. पुढें २००० सालच्या महाज्युबिलींत, मार्चच्या १२ तारखेस, पोप संत दुसरे जॉन पॉल ह्यांनीं रोम येथील संत पेत्राच्या मंदिरांत ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांनीं केलेल्या पापांबद्दल सर्वांसमक्ष क्षमा मागितली. त्यांत यहूदी लोकांविरुद्ध केलेलीं पापेंही होतीं. त्याच महिन्याच्या २६ तारखेस यरुशलेम येथील पश्चिम भिंतीपाशीं उभें राहून, वयोवृद्ध व कांपऱ्या हातानें, त्यांनीं क्षमायाचनेची चिठ्ठी त्या भिंतीच्या फटींत ठेवली. आधीं प्रायश्चित्त, मग ज्युबिली, हा जुना क्रम त्या वृद्ध धर्मपित्यानें जगासमोर पाळून दाखविला.

आतां आपल्या श्रद्धेच्या गाभ्याकडे येऊं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ९ व्या व १० व्या अध्यायांत हाच प्रायश्चित्ताचा दिवस समोर ठेवून ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ उलगडला आहे. तेथें सांगितलेला भेद आपण तीन अंगांनीं पाहूं.

पहिला भेद रक्ताचा. महायाजक दुसऱ्याचें रक्त घेऊन आंत जाई. जनावर अज्ञान होतें. तें आपण होऊन वेदीपाशीं आलें नव्हतें. ख्रिस्त स्वतःचें रक्त घेऊन गेला, आणि जाणूनबुजून, प्रीतीनें गेला. याजक तोच आणि बलिही तोच. दुसरा भेद स्थानाचा. महायाजक हातांनीं बांधलेल्या मंदिरांत जाई. ख्रिस्त प्रत्यक्ष स्वर्गांत पित्यासमोर आपल्यासाठीं उभा राहिला. तिसरा भेद संख्येचा. तो विधि दरवर्षीं होई, आणि दरवर्षीं होई ह्यावरूनच सिद्ध होई कीं काम अपुरें राहिलें आहे. ख्रिस्तानें एकदांच अर्पण केलें, आणि तें पुरें झालें. म्हणूनच तें पत्र म्हणतें कीं, इतर याजक नित्य उभे राहून सेवा करीत, परंतु ख्रिस्त आपलें अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. काम संपल्यावरच मनुष्य बसतो.

प्रभूनें क्रुसावर प्राण सोडला, त्या क्षणीं मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटून दुभंगला, असें मत्तयाच्या शुभवर्तमानांत लिहिलें आहे. पडदा खालून फाटला असता तर मनुष्याच्या हातानें फाटला असें म्हणतां आलें असतें. तो वरून फाटला. जें दार वर्षांतून एका दिवशीं एका मनुष्यास उघडत होतें, तें देवानें आपल्या बाजूनें सर्वांस उघडलें. संत पौलही रोमकरांस लिहितांना ख्रिस्तास जो ग्रीक शब्द लावतो, तोच शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत दयासनासाठीं वापरलेला आहे. जें दयासन धुराच्या ढगांत झांकलेलें असे, तें आतां क्रुसावर सर्वांच्या डोळ्यांपुढें उंच धरलेलें आहे.

आणि ते दोन बकरे? दुसऱ्या शतकांतील हुतात्मा संत जस्टिन ह्यांनीं त्यांत ख्रिस्ताच्या दोन आगमनांची खूण पाहिली. आम्हांस येथें आणखी एक गोष्ट दिसते, ती अशी कीं दोन्ही बकऱ्यांचें काम एका ख्रिस्तामध्यें एकत्र आलें आहे. पहिल्याप्रमाणें त्याचें रक्त देवासमोर गेलें; दुसऱ्याप्रमाणें तो सर्वांचें पाप डोक्यावर घेऊन, कांट्यांचा मुगुट धारण करून, वेशीबाहेर घालविला गेला.

येथें एखादा विचारी श्रोता विचारील: ख्रिस्ताचें अर्पण एकदांच झालें, तर आपल्या वेदीवर रोज मिस्साबलिदान कशासाठीं? प्रश्न योग्य आहे. ह्यास त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १५६२ सालीं उत्तर दिलें आहे. मिस्सांत दुसरें बलिदान होत नाहीं. बलि तोच, अर्पण करणारा तोच. क्रुसावर तें रक्त सांडून झालें, वेदीवर तें रक्त न सांडतां होतें, एवढाच रीतीचा भेद. कॅलव्हरीचें एकच अर्पण आपल्या हातांपर्यंत, आपल्या जिभेपर्यंत पोहोंचविलें जातें. झरा एकच आहे. आपण रोज घागर घेऊन जातों, म्हणून झरा रोज नवा खणला असें होत नाहीं. पापनिवेदनाचेंही तसेंच. जुनीं माणसें ज्यास कुमसार म्हणत, त्या संस्कारांत आपण गुडघे टेकतों, तेव्हां त्याच एका रक्ताची शुद्धि आपल्या एकेकाच्या नांवानें मिळते. महायाजक सर्वांचें पाप एकदम उच्चारी. आपणांस आपलें पाप आपल्या तोंडानें उच्चारावें लागतें. हें कठीण आहे, आणि म्हणूनच त्या जाळीपाशीं आपणांपैकीं अनेकांची पावलें अडखळतात.

परंतु देवाशीं समेट झाला म्हणजे सर्व झालें काय? मिश्नेच्या त्याच योमा प्रकरणाच्या शेवटीं शेवटीं एक नियम आहे, आणि हें व्याख्यान तयार करीत असतां तो वाचून आम्ही लेखणी खालीं ठेवली. त्याचा आशय असा: मनुष्यानें देवाविरुद्ध केलेल्या पापांचें प्रायश्चित्त त्या दिवशीं होतें, परंतु मनुष्यानें मनुष्याविरुद्ध केलेल्या पापांचें प्रायश्चित्त, तो त्या मनुष्याची मनधरणी करीपर्यंत, तो दिवसही करूं शकत नाहीं. सर्व इस्राएल उपाशी असो, महायाजक आंत जावो, रक्त शिंपडलें जावो. शेजाऱ्याचें दार ओलांडल्याविना तें पाप जात नाहीं. आणि आपल्या प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत दुसरें काय सांगितलें? आपलें दान वेदीपुढें तसेंच ठेव, आधीं जाऊन आपल्या भावाशीं समेट कर, मग येऊन दान अर्पण कर.

महायाजकानें आधीं स्वतःचें पाप उच्चारावें असा नियम होता, म्हणून आम्हीही आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमच्या चुलत बंधूंशीं आमचें बोलणें सहा वर्षें बंद होतें. ह्याच मंदिरांत, ह्याच बांकांवर, आम्ही दोघे दर रविवारीं येत होतों. एका उत्तम शुक्रवारीं तर क्रुसाचें चुंबन घेण्याच्या रांगेंत ते पुढें आणि आम्ही मागें असे उभे होतों. त्यांनीं ओंठ लावलेल्या त्याच पायांस आम्हीं ओंठ लावले, आणि परततांना तोंड फिरविलें. तो नियम वाचल्यावर हें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हालेना. ज्या विषयावर आपण लोकांस उपदेश करणार, त्याचा पहिला अपराधी लिहीत बसला आहे, असें वाटलें. त्याच सायंकाळीं आम्ही त्यांच्या ओटीवर गेलों. काय बोलावयाचें तें ठरवून गेलों होतों. तें कांहींच आठवेना. "दादा, चुकलों," एवढेंच तोंडून निघालें. दादा बराच वेळ गप्प राहिले. मग आंत वळून म्हणाले, "अगं, दोन कप चहा ठेव." विहिरीची पाळी अजून ठरावयाची आहे, ती ठरेल. पण दार उघडलें आहे.

श्रोतेहो, ही गोष्ट आम्हीं आमच्या मोठेपणासाठीं सांगितली नाहीं; सहा वर्षें विलंब करणाऱ्याचा मोठेपणा तो काय? सांगितली ती अशासाठीं कीं, ह्या धर्मग्रामांत अशीं आणखी कांहीं दारें लावलेलीं आहेत, हें आपण सर्व जाणतों. बांधावरून भाऊ भावाशीं बोलत नाहीं. वडिलोपार्जित घराच्या वांटणींत बहिणीचा हिस्सा गिळलेला आहे. मजुराची राहिलेली मजुरी 'पुढें बघूं' म्हणून वर्षानुवर्षें लांबणीवर पडली आहे. संकटांत गहाण पडलेल्या शेजाऱ्याच्या जमिनीकडे आपण आपलीच म्हणून पाहूं लागलों आहों. लेवीय ग्रंथांतील ज्युबिलीच्या आज्ञा वाचा: जमीन परत करणें, बांधलेल्यास मोकळें करणें. त्या आज्ञा आणि आपल्या गांवच्या कागाळ्या एकमेकींशीं जुळवून पाहा. जणूं आपल्याच गांवासाठीं लिहिल्या आहेत असें वाटेल.

ख्रिस्तसभेंत पहिली ज्युबिली १३०० सालीं आठव्या बोनिफास पोपांनीं जाहीर केली, तेव्हांपासून पापनिवेदन व पश्चात्ताप ह्यांवांचून ज्युबिलीची दंडमाफी कोणास मिळाली नाहीं. अलीकडे २०२४ सालच्या डिसेंबरच्या २४ तारखेस पोप फ्रान्सिस ह्यांनीं संत पेत्राच्या मंदिराचें पवित्र द्वार उघडून २०२५ च्या ज्युबिलीस आरंभ केला. तें द्वार पाहावयास रोमला जाण्याचें भाग्य थोड्यांस लाभतें. आपल्या चुलत्याच्या ओटीचें द्वार मात्र प्रत्येकाच्या पायांच्या टप्प्यांत आहे.

महोत्सवाच्या महामिस्सास अजून कांहीं दिवस आहेत. मंदिरास रंग दिला गेला, मांडव उभा राहिला, वेदीवर नवीं वस्त्रें आलीं; हें सर्व योग्यच आहे. परंतु महायाजक आंत जातांना सोनें बाहेर ठेवून जाई, हें विसरूं नये. आमची नम्र विनंति एवढीच आहे कीं, त्या दिवसाच्या आधीं आपणांपैकीं प्रत्येकानें एकदां कुमसाराच्या जाळीपाशीं जावें, आणि एकदां एखाद्या लावलेल्या दारापाशीं जावें. कोणत्या दारापाशीं, हें ज्याचें त्यास ठाऊक आहे.

मग महोत्सवाच्या दिवशीं आपली घंटा वाजेल, तेव्हां ती नुसती धातूची घंटा राहणार नाहीं. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, उपाशी व पश्चात्तापी लोकांच्या डोक्यांवरून, जमीन परत देणाऱ्यांच्या आणि मोकळ्या झालेल्यांच्या कानीं जें शिंग वाजावयाचें होतें, त्याचाच नाद तिच्यांत ऐकूं येईल. जो एकदांच आपलें रक्त घेऊन आंत गेला, आणि ज्यानें पडदा आपल्यासाठीं कायमचा उघडा ठेवला, तो आपला महायाजक प्रभु येशू ख्रिस्त आपल्या ह्या धर्मग्रामास तशी ज्युबिली देवो. आमेन.